दाजींची मुकी गाणी

दाजींनी एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकल्याचं मला आठवत नाही. गाणं सुरू झालं की ते मान थोडी तिरकी करून, डोळे बारीक करून बसायचे. गाणारी बाई ओळ संपवून पुढच्या ओळीसाठी श्वास घ्यायची, नेमकं तिथं बोट वर करून म्हणायचे, "थांब. मागं घे." मग तेवढाच तुकडा पुन्हा लावायचे. मग पुन्हा. घरातल्या कुणाला त्या गाण्याचा पुढचा अंतरा ऐकायचा असेल तर त्यानं तो स्वतः म्हणून घ्यावा. ताई म्हणायची, "लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलाला गाण्याची आवड आहे. आवड कसली? यांना गाण्यातल्या फटींची आवड आहे."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. परभणीकडच्या एका खेड्यातून आयटीआय करून चाकणला आलेले, तिथल्या एका कंपनीत, पत्र्याचे भाग दाबून काढतात त्या प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला होते. ताई पिंपरीत नर्स. दोघांनी दिघीत फ्लॅट घेतला होता, गॅलरीतून लष्कराच्या हद्दीतली झाडं दिसायची. अंगानं दाजी थोराड, मिशा भरघोस, आणि आवाज मात्र इतका मऊ की फोनवर लोक त्यांना "ताई" म्हणायचे. ते कधी दुरुस्त करायचे नाहीत. "काम झाल्याशी मतलब," म्हणायचे.

या माणसाचा उद्योग काय, तर जुन्या रेकॉर्डिंगमधून आवाजाचे तुकडे उचलायचे, ते कापायचे, फिरवायचे, एकावर एक रचायचे, खाली ढोल आणि जाडजूड बास घालायचा आणि त्याचं गाणं करायचं. गाणं म्हणजे नुसतं वाजवणं. त्यात कुणी गात नाही, कुणी रॅप करत नाही. याला हिप-हॉपच म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तोवर माझी समजूत अशी, की हिप-हॉप म्हणजे टोपी उलटी घालून हातवारे करत भराभरा बोलणं. दाजींनी आयुष्यात उलटी टोपी घातली नाही. गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, बनियन आणि लुंगीवर ते टेबलाशी बसायचे. समोर जुना लॅपटॉप, एक टेपरेकॉर्डर आणि रबराची चौकोनी बटणं असलेलं एक छोटं यंत्र. एकेका बटणात एकेक तुकडा भरलेला असायचा. कुठं पेटीचा एक सूर, कुठं कुणाचा खोकला, आणि त्या बटणांवर त्यांची जाड बोटं पापड लाटल्यासारखी हळू फिरायची.

हा नाद त्यांना लागला चाकणच्या खोलीत. लग्नाआधी चार पोरं मिळून राहायची, त्यातला एक रॅप करायचा. त्याला खाली वाजवायला बीट हवी म्हणून दाजींनी मोबाइलवर काहीबाही जमवायला सुरुवात केली. पुढं त्या मित्राला नाशिककडं नोकरी लागली आणि तो गेला. बीट तेवढी राहिली. दाजी सांगायचे, "त्यो गेल्यावर एकदा सहज लावली. आधी वाटलं, अर्धीच हाय. मग बसून ऐकली तर वाटलं, खोली मोठी झालीय." तेव्हापासून त्यांनी कुणाला गायला बोलावलं नाही.

मी त्यांना एकदा सरळच विचारलं होतं की शब्द नसलेलं गाणं ऐकून माणसाला मिळतं काय. मी तळेगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. दिवसभर कुणीतरी काहीतरी मागत असतं आणि मी "नाही" म्हणत असते. मला गाणं म्हटलं की शब्द लागायचे, गुणगुणायला तरी. दाजींनी विचार करून उत्तर दिलं. "सुजाता, कंपनीत सगळे सांगायलेत. सुपरवायझर सांगायलाय, भोंगा सांगायलाय, भिंतीवरच्या पाट्याबी सांगायल्यात, हे करा, ते करू नका. घरी आल्यावर एक तर न सांगणारं पाहिजे की." मग म्हणाले, "शब्द असले की माणूस शब्दाकडं बघतो. नसले की खिडकीतून बाहेर बघतो."

मला ते तेव्हा पटलं नाही. पण पुढं एका पावसाळ्यात सोमाटणे फाट्यावर आमची बस ट्रॅफिकमध्ये अडकली, आणि मी कानात त्यांचा एक अल्बम लावून बसले होते. कुठल्याशा जुन्या बँडच्या क्लॅरिनेटचा एक वळसा होता, तोच पुन्हा पुन्हा यायचा आणि दर वेळी त्याच्या खालचं काहीतरी बदललेलं असायचं. कधी ढोल गायब, कधी मागून लहान मुलं ओरडल्याचा आवाज. मी बाहेरच्या ट्रकांकडं, काचेवरच्या पाण्याकडं बघत होते. आईचा चेहरा आठवला, कारण नसताना. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि गाण्यात "आई" हा शब्द असता तर मी बहुधा रडले असते. इथं रडू आलं नाही, आई नुसती येऊन शेजारी बसली. घरी आल्यावर दाजींना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं झालं. सीट दोघांचीच होती का तिघांची?"

त्या क्लॅरिनेटचीही एक गोष्ट आहे. दाजींचा एक नियम होता, विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. पिंपरी कॅम्पातल्या गल्ल्यांतून, भंगारवाल्यांकडून ते जुन्या कॅसेटी आणायचे. बाकीचे लोक इंटरनेटवरून वाटेल ते उचलतात, कुणाला पत्ता नसतो. दाजी मात्र कॅसेटवर काही नाव-गाव लिहिलेलं असेल तर त्या माणसाला शोधत जायचे. ही एका लग्नाची कॅसेट होती, वर बँडचं नाव होतं. विचारत विचारत ते त्या क्लॅरिनेटवाल्यापर्यंत पोचले. म्हातारा आता मार्केटात प्लास्टिकच्या बादल्या विकत होता. दाजींनी हेडफोन त्याच्या कानाला लावून तो तुकडा ऐकवला आणि वापरू का म्हणून विचारलं. म्हातारा म्हणाला, "घे की राव, त्यात काय. पण कुणाचं लग्न होतं तेवढं सांग." दाजींना ते माहीत नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस दाजी त्या लग्नाचा शोध घेत होते. सापडलं नाही. ते म्हाताऱ्याला तसं सांगायला परत गेले, आणि येताना बादली घेऊन आले.

आमच्या पप्पांना यातलं काहीही मान्य नव्हतं. पप्पा कंपनीत वेल्डर होते आणि तरुणपणापासून त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात पिंपरी, भोसरी, देहूरोड, थेट लोणावळ्यापर्यंत त्यांचे कार्यक्रम व्हायचे. गाणी ते स्वतः लिहायचे. हातात खंजिरी, गळ्यात निळा रुमाल, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी मागच्या रांगेतल्या बायका उठून जायच्या नाहीत. त्यांच्यासाठी गाणं म्हणजे निरोप होता, वस्तीतल्या माणसाला सांगायची गोष्ट होती. शिक, दारू सोड, पोरीला शाळेत घाल. त्यांच्या गाण्यामुळं आपण दहावी झालो असं सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

अशा माणसाच्या जावयानं बिनशब्दांची गाणी करावीत याचं त्यांना दुःख होतं. ते त्यांना "मुकी गाणी" म्हणायचे. एकदा जेवताना दाजींनी भीत भीत विषय काढला. "मामा, तुमच्या कार्यक्रमाच्या कॅसेटी हायत म्हणं. ऐकू का मी?"

पप्पांनी भाकरीचा घास खाली ठेवला. "ऐकायला ना नाही, जावईबापू. पण तुम्ही कापणार. आमच्या गाण्यात शब्दच तर आहेत. शब्द काढले तर उरलं काय? टाळ्या?"

"टाळ्याबी चांगल्याच असतील की, मामा," दाजी म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते. पप्पांना ती थट्टा वाटली. त्या दिवशी त्यांनी ताक घेतलं नाही, आणि कॅसेटींचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतरच्या वर्षी पप्पांचा आवाज बसू लागला. आधी वाटलं कार्यक्रमांमुळं, मग वाटलं हवेमुळं. ताईनं एके दिवशी त्यांना बोलतं करून शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी तपासायला नेलं. गाठ घशात होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. पप्पांनी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डातल्या सगळ्यांना गाणं म्हणून दाखवलं, असं काही घडलं नाही. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मी, ताई, दाजी, आम्ही तिघंही तिथं होतो, आणि कुणालाच त्यांना "काहीतरी बोला" असं म्हणायचं धाडस झालं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्याच्या खाली श्वास घ्यायला एक छिद्र राहिलं. पुढं तिथं एक लहानशी झडप बसवली. छिद्रावर बोट दाबून श्वास सोडला की आवाज येतो, फक्त तो वेगळा असतो, खरखरीत, एका पट्टीतला. शिकवणाऱ्या बाईंनी पप्पांकडून एक शब्द म्हणवून घेतला. पप्पांनी तो आवाज ऐकला, बोट काढलं आणि खिशातला रुमाल गळ्याला गुंडाळला. त्यानंतर त्यांनी छिद्राला बोट लावलं नाही. खुणा करायचे, हाक मारायची तर टाळी वाजवायचे, फार झालं तर मोबाइलवर एकेक अक्षर शोधून टाइप करायचे. आम्ही पिंपरीची खोली सोडली आणि मी आणि पप्पा दिघीला ताईकडं राहायला आलो.

सामान हलवताना कॅसेटींचा खोका मीच आणला. तो दाजींच्या टेबलाखाली राहिला, कारण दुसरीकडं जागा नव्हती. दाजींच्या पायाला तो रोज लागत असणार. त्यांनी त्याला हात लावला नाही. विचारलंही नाही. मला आठवतं, झाडताना एकदा खोका बाहेर आला तर त्यांनी तो पायानं नव्हे, दोन्ही हातांनी उचलून परत आत सरकवला.

दिघीत विमानांचा आवाज फार. लोहगावहून उडालेलं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की चालू बोलणं तसंच थांबतं, आणि विमान गेलं की लोक तिथून पुढं बोलू लागतात. आमच्या घरात त्या काळात विमान नसतानाही बोलणं थांबलेलंच असायचं. पप्पांसमोर बोलणं आम्हाला उद्धटपणा वाटायचा. फक्त दाजी त्यांच्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, बोलून उत्तरासाठी थांबायचे आणि पप्पांच्या भुवयांवरून उत्तर समजून घ्यायचे. "मामा नको म्हणायलेत, भाजी तिखट झालीय," असं ते ताईला सांगायचे, आणि ते बरोबर असायचं.

मग एका गुरुवारी दुपारी एक गोष्ट झाली. दाजी नेहमीप्रमाणे टेबलाशी बसून काहीतरी जुळवत होते. मी सुट्टी घेतली होती, तांदूळ निवडत होते. पप्पा आतल्या खोलीत पडले होते. बीट चालू होती, आणि तिच्यातला ढोल जरासा मागं पडत होता, ठेका पडायला हवा त्याच्या किंचित नंतर पडत होता. एकदम दाराच्या फळीवर बोटांचा आवाज आला. पप्पा दारात उभे राहून फळीवर बरोबर ठेका वाजवत होते आणि मान हलवत होते, चुकतंय, चुकतंय.

दाजींनी गाणं थांबवलं नाही. ते म्हणाले, "मुद्दाम मागं ठेवलाय मामा. सेकंड शिफ्ट करून माणूस घरी कसा चालत येतो, तसा. पोचतो, पण सावकाश."

पप्पांनी पुन्हा ऐकलं. फळीवरचं बोट थांबलं. ते खाली वाकले, टेबलाखालचा खोका ओढला, बराच वेळ धुंडाळून एक कॅसेट काढली आणि दाजींसमोर ठेवली. आणि दोन्ही हात पुढं करून ढोलकी वाजवल्याची खूण केली. मला कळलं. ते यशवंताकाकांची आठवण करून देत होते. काका त्यांच्या पार्टीचे ढोलकीवाले, तळेगावचे. तेही ठेका असाच किंचित मागं ठेवायचे आणि पप्पा त्यावरून त्यांच्याशी आयुष्यभर भांडले. काकांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

कॅसेट लावली. आधी गर्दी, मग कुणीतरी माइकवर फुंकर मारली, पेटी जुळवली, आणि मग पप्पांचा आवाज आला, तरुण, भरलेला. खोलीत तो आवाज असा पसरला की मी सूप खाली ठेवलं. पप्पा उठून गॅलरीत गेले. दाजींनी टेप बंद केली. ते त्यांच्यामागं गेले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चहा ठेवला, आल्याचा, पप्पांना लागतो तसा. बऱ्याच वेळानं पप्पा आत आले, खुर्ची ओढून टेबलाशी बसले आणि बोटानं टेपरेकॉर्डरकडं खूण केली, लावा.

त्यानंतरचे गुरुवार त्या दोघांचे झाले. दाजी तुकडा लावायचे आणि पप्पा तळहात हलवून सांगायचे, हा घ्या, हा नको. त्यांची एक अट होती, आणि ती त्यांनी मोबाइलवर नीट टाइप करून दिली होती: ओळ मध्ये तोडायची नाही. शब्द घ्यायचा तर पूर्ण ओळ घ्या, नाहीतर शब्दाला हात लावू नका. दाजींनी ती कबूल केली. त्यामुळं त्यांनी घेतलं ते ओळींच्या आधीचं आणि नंतरचं. गळा खाकरणं, सूर लावताना येणारा "हं", खंजिरीच्या चकत्यांची किणकिण, आणि हो, टाळ्या. फक्त एका ठिकाणी पप्पा अडून बसले. दोन कडव्यांच्या मध्ये ते लोकांना विचारायचे, "ऐकताय ना?" तेवढं राहिलंच पाहिजे असं त्यांचं म्हणणं. दाजींनी आजवर एकाही गाण्यात शब्द ठेवला नव्हता. ते दोन दिवस विचारात होते. ताई म्हणाली, "सासरा एवढा बोलतोय आणि जावई ऐकेना." शेवटी ठेवलं.

ढोलकीचा प्रश्न मात्र राहिला. काकांना विचारणार कसं? पप्पांना वाटत होतं की मित्रच होता, विचारायचं काय. दाजी मानेनात. मग एका गुरुवारी मी, पप्पा आणि दाजी लोकलनं तळेगावला गेलो. यशवंताकाकांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. जुन्या तळेगावात मुलाकडं राहतात. त्यांनी पप्पांकडं बघितलं, गळ्यातल्या रुमालाकडं बघितलं आणि काही न विचारता पाणी आणलं. अस्सल मावळातल्या त्या, बोलणं थोडकं.

दाजींनी त्यांना लॅपटॉपवर तो तुकडा ऐकवला. काकू डोक्यावरचा पदर सारखा करत ऐकत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्यो टक टक आवाज कसला येतोय, ऐकलं का?"

दाजी म्हणाले, "हो काकू. काय ते कळंना. काढून टाकीन मी तो, साफ करता येतं."

"काढू नगा," काकू म्हणाल्या. "ती अंगठी हाय त्यांची. ढोलकीच्या लाकडावर लागायची. मी म्हनायची, वाजवायच्या येळंला काढून ठेवा. न्हाई काढली कधी. लग्नातली व्हती." मग त्यांनी पप्पांकडं बघून विचारलं, "व्हय ना, दादा?" पप्पांनी मान डोलावली. त्यांनी डोळे पुसले, काकूंनी नाही. काकूंनी दाजींना पुन्हा लावायला सांगितलं आणि या वेळी त्या बोटानं मांडीवर त्या टक टकशी बरोबर ताल धरून बसल्या. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी फणस बांधून दिला आणि म्हणाल्या, "घ्या खुशाल. पर अंगठी ऱ्हाऊ द्या."

परतीच्या गाडीत पप्पांनी मोबाइलवर काहीतरी टाइप करून दाजींना दाखवलं. मी डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, "मला आयुष्यभर तो आवाज खटकला."

अल्बम झाला. दाजींनी तो नेहमीप्रमाणे इंटरनेटवर टाकला. यश म्हणावं असं काही मोठं झालं नाही, पण लांबलांबचे लोक ऐकत होते. एकानं परदेशातून विचारलं की मध्ये तो माणूस काय म्हणतो. पप्पांनी स्वतः उत्तर टाइप केलं, "विचारतोय, ऐकताय ना." त्यावर त्या माणसानं फक्त "हो" म्हणून लिहून पाठवलं. पप्पांनी तो "हो" घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवला. दाजींच्या कंपनीतला एक मित्र म्हणाला, "भावा, बसमध्ये लावलं, कुरुळीच्या पुढं झोपच लागली." मला वाटलं दाजींना वाईट वाटेल. ते म्हणाले, "झोप लागणं म्हंजी भरवसा बसणं." बुद्धविहारात एका रविवारी वंदनेनंतर तो अल्बम लावला, तेव्हा पप्पांच्या जुन्या श्रोत्या बायका आधी गोंधळल्या. गाणं कधी सुरू होणार याची वाट बघत बसल्या. मग एकीनं टाळ्या ओळखल्या. म्हणाली, "ही आपलीच वस्ती. त्यात मीपण असंन."

चांगले दिवस होते ते. पप्पा अजून बोलत नव्हते, पण घर गप्प नव्हतं.

मग कंपनीनं दाजींची लाइन गुजरातेतल्या प्लँटला हलवायचं ठरवलं. ज्यांना जायचं त्यांना बरोबर नेणार होते. ताईनं लांबची रजा टाकली आणि दोघं जायला तयार झाली. आम्ही, म्हणजे मी आणि पप्पा, दिघीलाच राहायचं ठरलं. सामानाचा टेम्पो सकाळी आला. खाट, कपाट, भांडी चढली. दाजींनी यंत्र आणि टेपरेकॉर्डर स्वतः चादरीत गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवला. कॅसेटींचा खोका ते पप्पांना परत द्यायला आले. पप्पांनी तो त्यांच्याकडंच परत सरकवला. निरोपाचं अवघडलेपण होतं तसं होतं. दाजी वाकून पाया पडायला गेले तर पप्पांनी त्यांना खांद्याला धरून थांबवलं आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाकडं बोट दाखवलं, मोबाइलकडं.

दाजींना वाटलं फोटो काढायचाय. पप्पांनी नाही म्हणून मान हलवली. गळ्यातला रुमाल सोडला, घडी करून खिशात ठेवला, आणि छिद्रावर बोट ठेवून म्हणाले, "हा पण घ्या."

तो आवाज आम्ही कुणी नीट ऐकलेला नव्हता. लोखंडी पत्रा घासावा तसा, आणि तरीही शब्द स्वच्छ. ताई नर्स आहे, तिनं असे आवाज रोज ऐकलेत, तिनंच तोंडावर पदर घेतला. दाजींनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मोबाइल दोन्ही हातांनी पप्पांसमोर धरला. पप्पांनी कार्यक्रमाच्या शेवटी करतात तशी ओळख करून दिली. ढोलकीवर कोण होतं, पेटीवर कोण, मागं कोरसला कोण कोण, एकेक नाव घेतलं, श्वास पुरेना तेव्हा थांबून, बोट पुन्हा दाबून. शेवटी म्हणाले, "आणि हे सगळं जुळवलं आमच्या जावयानं." टेम्पोवाला खालून "झालं का?" म्हणून ओरडला. दाजींनी त्याला गप्प राहायची खूण केली नाही. तोही आवाज त्यांनी येऊ दिला.

ते गेले. मला वाटलं होतं की पप्पा पुन्हा रुमाल बांधतील. नाही बांधला. दुसऱ्या दिवशी ते भाजी आणायला गेले आणि भाजीवाली आवाज ऐकून दचकली, तर तिला म्हणाले, "घाबरू नको बाई, मेथी दे." मग ते बोलतच सुटले. बसच्या कंडक्टरशी, दूधवाल्याशी, माझ्याशी. मला कामावरून यायला उशीर झाला की पूर्वीसारखे रागावतात. मला ते इतकं आवडतं की मी कधीकधी मुद्दाम उशीर करते.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून वाद झाला. पप्पा उभे राहिले, गळ्याला बोट लावलं आणि सेक्रेटरींना असं काही सुनावलं की सगळी खोली ऐकत राहिली. शेवटी सेक्रेटरी खाली बसले. घरी येऊन मी दाजींना फोन केला आणि झालेलं सगळं सांगितलं. दाजी बराच वेळ हसत होते.

मग म्हणाले, "रेकॉर्ड केलंस का?"

"नाही हो दाजी. सुचलंच नाही."

"असू दे. पुढची मीटिंग कधी हाय?"

मी तारीख सांगितली. पलीकडं ताई काहीतरी विचारत होती, दाजी तिला म्हणाले, "काही नाई, दिघीला जायचंय आपल्याला. मामा बोलणार हायत." आणि खरंच त्यांनी रजा टाकली.